आपल्यानंतर भेटायला कोण जाणार?

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत एक तरुण जोडपं आमच्या मागे उभं होतं. त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून, डोळे मिटून जागच्या जागी झुलत होता. झांजांचा आवाज त्याला सहन होत नव्हता. आरती संपली, रांग थोडी पुढे सरकली आणि त्याच्या आईने हळूच विचारलं, "काकू, तुमची मुलगी हल्ली दिसत नाही. कुठे असते?"

"होममध्ये. सात वर्षं झाली," आम्ही म्हणालो.

ती गप्प झाली. पानात वरण-भात वाढून होईपर्यंत काही बोलली नाही. मग मुलाला जवळ ओढत म्हणाली, "बरं असतं का हो तिथे?"

रांगेत उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. त्यानंतरच्या काही महिन्यांत आणखी दोन कुटुंबांनी फोन करून साधारण हेच विचारलं. मंडळात ही गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. 'होम' शब्द उच्चारला की आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर एक सावली येते. पोटच्या पोरीला परक्यांच्या हवाली केलं, असं आमच्या तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण ऐकू आलं. म्हणून संपादकांना विचारून हा लेख लिहायला घेतला. मुलीचं नाव इथे देत नाही. ती स्वत: परवानगी देऊ शकत नाही, आणि तिच्या वतीने ती आम्ही देणं आम्हाला योग्य वाटत नाही.

ती आता बत्तीस वर्षांची आहे. आपल्याकडे पूर्वी अशा मुलांना 'मतिमंद' म्हणत; इथे 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात. तिला समजतं पुष्कळ, बोलता येतं थोडं. पंचवीस वर्षं ती घरीच होती. मग आमच्यापैकी एकाची बायपास झाली आणि दुसऱ्याचे गुडघे गेले. एके रात्री ती बाथरूममध्ये पडली. आम्हा दोघांनाही तिला उचलता येईना. शेजारचा दरवाजा ठोठावला, तेव्हा कुठे तिला उठवता आलं. त्या रात्री आम्ही जे कित्येक वर्षं टाळत होतो ते बोललो.

ही घरं आली कुठून?

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. इथल्या लोकांनी अपंगांना सदैव छान सांभाळलं आणि आपणच मागे पडलो, असं मुळीच नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ इंग्लंड-वेल्समध्ये लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या हजारो माणसांना गावाबाहेरच्या प्रचंड इस्पितळांत ठेवलं जाई. एकेका वॉर्डात कितीतरी खाटा आणि सगळ्यांना मिळून एकच कपड्यांचं कपाट. १९६७ साली कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधल्या छळाच्या तक्रारी वर्तमानपत्रात आल्या. जेफ्री हाउ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि १९६९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. हेच हाउ पुढे अर्थमंत्री झाले. त्या अहवालानंतर १९७१ साली सरकारने धोरण बदललं, आणि ही इस्पितळं हळूहळू बंद करून माणसांना वस्तीतल्या छोट्या घरांत आणायचं ठरलं.

विचार उत्तमच होता. पण घरं चालवायची कोणी? १९९० च्या कायद्याने, जो १९९३ पासून पुरता अंमलात आला, काउन्सिलांनी स्वत: सगळं चालवण्याऐवजी सेवा विकत घ्यायची पद्धत रूढ झाली. आज यातली बहुतेक घरं खासगी कंपन्या किंवा धर्मादाय संस्था चालवतात. पैसे मुख्यत: काउन्सिल देतं. म्हणजे राहणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि चालवणारा तिसरा. दुकानात माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानात जात नाही. इथे ज्याला तो 'माल' सोसावा लागतो त्याला बहुधा तक्रारही करता येत नाही, आणि दुसरं दुकान शोधायला तो एकटा बाहेर पडू शकत नाही.

याचा अर्थ खासगी म्हणजे वाईट असा नाही. आमची मुलगी आज ज्या घरात आहे तेही खासगीच आहे. ईलीचं इस्पितळ तर सरकारी होतं. पण तिघांच्या या व्यवहारात चौथं कोणी डोळे उघडे ठेवून नसलं, तर काय होऊ शकतं ते या देशाने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तीन-चार नावं लक्षात ठेवण्यासारखी

पहिलं नाव लाँगकेअर. बकिंगहॅमशरमधली या कंपनीची दोन घरं. तिथल्या रहिवाशांना वर्षानुवर्षं मारहाण आणि त्याहूनही वाईट वागणूक मिळत होती. १९९४ साली ते वर्तमानपत्रात आलं. १९९८ च्या चौकशी अहवालाने काउन्सिलच्या तपासणी विभागावर कडक ताशेरे ओढले. पुढे २००० साली 'केअर स्टँडर्ड्स ॲक्ट' आला आणि तपासणी राष्ट्रीय पातळीवर गेली.

दुसरं विंटरबोर्न व्ह्यू. ब्रिस्टलजवळचं हे चोवीस खाटांचं खासगी इस्पितळ. एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड घेतले जात. तिथल्या एका ज्येष्ठ नर्सने २०१० साली व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार केली आणि नियामक संस्थेलाही कळवलं. दाद लागली नाही. शेवटी बीबीसीच्या 'पॅनोरमा'चा एक वार्ताहर छुपा कॅमेरा घेऊन तिथे नोकरीला लागला, आणि ३१ मे २०११ ला सगळ्या देशाने ते पाहिलं. खुर्चीखाली दाबून धरलेली माणसं, कपड्यांसकट थंड पाण्याखाली ढकललेली मुलगी. अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यांतले सहा तुरुंगात गेले. सरकारने सांगितलं की अशा इस्पितळांत उगाच अडकलेल्या सगळ्यांना १ जून २०१४ पर्यंत वस्तीत आणू. ती तारीख उलटून गेली. दहा वर्षांनी, २०२४ मध्येही, इंग्लंडमध्ये सुमारे दोन हजार जण इस्पितळांतच होते.

तिसरी घटना डेव्हनमधली. तिथल्या दोन खासगी घरांत रहिवाशांना रिकाम्या, थंड खोल्यांत तासन्तास, कधी रात्रभर कोंडून ठेवत. संडासाचीही सोय नसे. २०१७ साली संचालक, मॅनेजर आणि कर्मचारी मिळून तेरा जण दोषी ठरले. आणि चौथं नाव डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलचं. २०१९ साली पुन्हा 'पॅनोरमा', पुन्हा छुपा कॅमेरा. या ठिकाणाला नियामक संस्थेचा 'चांगलं' असा शेरा मिळालेला होता!

हे सगळं वाचून आम्हाला कित्येक रात्री झोप नव्हती. पण नुसतं हळहळून उपयोग नव्हता, म्हणून यांत समान काय होतं ते शोधायचा प्रयत्न केला. पैसे कमी पडले म्हणून हे झालं, असं म्हणता येत नाही. साडेतीन हजार पौंडांत लंडनमध्येही चांगलं हॉटेल मिळतं. प्रमाणपत्र नव्हतं, असंही नाही. विंटरबोर्नच्या चौकशी अहवालातला एक मुद्दा मात्र मनात रुतून बसला: भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना वॉर्डात किंवा झोपायच्या खोल्यांत जाऊ देत नसत. बरेच जण तर आपल्या गावापासून लांबवर ठेवलेले होते. आई-वडील दोन-तीन तास गाडी चालवून येणार, त्यांना भेटीच्या खोलीत बसवणार, मूल तिथे आणणार आणि पुन्हा आत नेणार. आतला जिना कोणी बघायचाच नाही.

'बाऊ'

आमचीही एक गोष्ट सांगायला हवी. त्या घराचं नाव आम्ही घेणार नाही.

आम्ही पहिल्यांदा जे घर निवडलं ते देखणं होतं. मागे बाग, भिंतीवर 'चांगलं' शेऱ्याचा चकचकीत कागद, बोलायला गोड मॅनेजर. मुलीला सोडून आलो त्या दिवशी गाडीत कोणीच काही बोललं नाही. पहिले सहा महिने ठीक गेले. मग मॅनेजर बदलली. तीन महिन्यांत तिच्या ओळखीचे चार चेहरे गेले आणि त्यांच्या जागी एजन्सीकडून रोज वेगळी माणसं येऊ लागली. आम्ही दर रविवारी जात होतो, पण त्या हिवाळ्यात दोघांनाही फ्लू झाला आणि तीन रविवार चुकले.

चौथ्या रविवारी गेलो तर ती सोफ्यावर अर्धवट झोपेत. तोंडाच्या कडेने लाळ. आम्हाला पाहून उठली नाही. विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की ती फार 'चॅलेंजिंग' झाली होती. ओरडत होती, ताट भिरकावत होती, रात्री स्वत:च्या तोंडावर बुक्क्या मारत होती. म्हणून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. त्यांची दैनंदिनी मागितली. तीन आठवड्यांच्या नोंदी होत्या, अगदी व्यवस्थित, तारीख-वेळ घालून. त्यात अकरा ठिकाणी लिहिलं होतं की ती 'बाऊ, बाऊ' असं ओरडत आहे. एकाने कंसात स्वत:चा तर्क लिहिला होता: कुत्र्यासारखा आवाज काढते.

वाचकहो, 'बाऊ' म्हणजे काय हे आपल्यापैकी कोणालाही सांगायला नको. आमच्या घरात लहानपणापासून दुखलं-खुपलं की तिचा तोच शब्द. इंग्रजी ती शाळेत शिकली, पण दुखण्याचा शब्द मराठीच राहिला. एकवीस दिवस आमची मुलगी शुद्ध मराठीत सांगत होती की मला दुखतंय, आणि ते रोज लिहूनही घेतलं जात होतं.

दाढेखाली गळू झालं होतं. दंतवैद्याने दुसऱ्या दिवशी दाढ काढली आणि आठवड्याभरात ओरडणं थांबलं. वाढवलेल्या गोळ्या पूर्ण बंद व्हायला मात्र आठ महिने लागले.

त्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. कोणी तिला मारलं नाही. ज्यांना ती माहीत होती ती माणसं निघून गेली होती, आणि तिच्या फायलीत तो एक शब्द लिहिलेला नव्हता. तो लिहायला हवा हे आम्हालाही सुचलं नव्हतं. आम्ही तक्रार केली, खेद व्यक्त करणारं पत्र आलं आणि वर्षभरात तिला दुसरीकडे हलवलं.

नंतर कळलं की ही काही आमच्या एकटीची कथा नाही. माणसाला लर्निंग डिसॅबिलिटी आहे म्हटलं की त्याचं प्रत्येक दुखणं 'स्वभाव' म्हणून खपवलं जातं. २०१५ साली इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने अंदाज काढला की इंग्लंडमध्ये तीस ते पस्तीस हजार अशा प्रौढांना योग्य निदानाशिवाय रोज मनावर परिणाम करणारी औषधं दिली जात आहेत. त्यानंतर २०१६ पासून ही औषधं कमी करायची मोहीमच सुरू झाली. आपल्या मुलांच्या गोळ्यांबद्दल शंका असेल तर डॉक्टरकडे 'स्टॉम्प' हा शब्द उच्चारा, त्यांना कळेल. (गोळ्या स्वत:हून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं.) लर्निंग डिसॅबिलिटी असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी सुमारे वीस वर्षं आधी जातात, आणि त्यातले कितीतरी मृत्यू वेळेवर उपचार झाले तर टळण्यासारखे असतात. चौदा वर्षांपुढच्या प्रत्येकाला जी.पी.कडे वर्षातून एकदा संपूर्ण तपासणीचा हक्क आहे. त्यासाठी जी.पी.च्या लर्निंग डिसॅबिलिटीच्या यादीत नाव असावं लागतं. आपल्यातल्या बऱ्याच घरांनी ते घातलेलं नाही, कारण 'शिक्का नको'. हा शिक्का घ्या, त्याने तपासणी मिळते.

घर बघायला जाल तेव्हा

इंग्लंडमध्ये अशा घरांवर २००९ पासून 'केअर क्वालिटी कमिशन' म्हणजे सी.क्यू.सी.ची देखरेख असते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये वेगळ्या संस्था आहेत. सी.क्यू.सी. पाच गोष्टी तपासते: घर सुरक्षित आहे का, सेवेचा उपयोग होतो का, माणसं मायेने वागतात का, गरजेप्रमाणे बदलतात का आणि कारभार नीट आहे का. त्यावरून 'उत्कृष्ट', 'चांगलं', 'सुधारणा हवी' आणि 'अपुरं' यांपैकी एक शेरा मिळतो. अहवाल कोणालाही वाचता येतो आणि तो जरूर वाचावा, पण सगळ्यात आधी वरची तारीख बघावी. २०२४ साली सरकारने डॉ. पेनी डॅश यांच्याकडून या संस्थेचीच पाहणी करवली. तेव्हा असं निघालं की कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं तपासणी झालेली नाही आणि काहींना तर एकदाही शेरा मिळालेला नाही. पाच वर्षांपूर्वीचं 'चांगलं' म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या मॅनेजरचं 'चांगलं'.

आणखी एक. हल्ली 'सपोर्टेड लिव्हिंग' म्हणून प्रकार आहे. त्यात मूल भाडेकरू असतं आणि देखभालीला माणसं येतात. स्वातंत्र्य जास्त, ही चांगली बाजू. पण तिथे सी.क्यू.सी. देखभालीची सेवा तपासते, घराच्या भिंती नव्हेत. भिंतीची ओल घरमालकाशी भांडूनच सुटते.

दुसरं घर शोधताना आम्ही सात ठिकाणं पाहिली. त्यातून जे शिकलो ते असं:

१. एकदा वेळ ठरवून जा, मग दुसऱ्यांदा संध्याकाळी जेवणाच्या सुमारास न कळवता दार वाजवा. दारातून परत पाठवलं तर उत्तर मिळालंच.

२. मॅनेजर या जागेवर किती दिवस आहे, गेल्या वर्षात किती माणसं सोडून गेली, आठवड्यातल्या किती पाळ्या एजन्सीवर चालतात, रात्री किती जण जागे असतात, हे थेट विचारा. चांगल्या घरातली मॅनेजर आकडे सांगते. वाईट घरातली 'आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत' म्हणते.

३. कर्मचारी रहिवाशांच्या डोक्यावरून आपसात बोलतात की त्यांच्याशी बोलतात? जेवताना शेजारी बसतात की उभे राहून भरवतात?

४. कपाट उघडून बघा. आतले कपडे तिचेच आहेत का? पहिल्या घरात आमच्या मुलीच्या अंगावर दोनदा दुसऱ्याच कोणाचा स्वेटर होता. तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

५. औषधांचा तक्ता, पैशांची वही आणि वजनाची नोंद या तीन गोष्टी दर महिन्याला मागा. तिच्या संमतीचा किंवा हिताचा प्रश्न म्हणून कोणी नाही म्हणालं, तर कारण लेखी मागा.

६. स्वयंपाकघरात डोकवा. 'व्हेजिटेरियन' म्हणून रोज चीज-पास्ता मिळत असेल तर कोणी विचार केलेला नाही असं समजा. आम्ही वरण-भाताची कृती फोटोसकट चिकटवून आलो आहोत. मीठ जरा कमी पडतं, पण ती बोटं चाटून खाते.

आणि सातवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, शब्दांची वही. तुमचं मूल लहान असेल तर आजच सुरू करा. बाऊ, शू, मम्मं, पुरे, नको ना, भ्या वाटतं. प्रत्येक शब्द इंग्रजी अक्षरांत, अर्थासह. दात दुखला की काय करते, पोट दुखलं की काय करते. कोणत्या गाण्याने शांत होते. घाबरली की कुठे बसते. एक प्रत फायलीत, एक खोलीच्या दाराआड, एक इस्पितळात न्यायच्या पिशवीत. इथे त्याला 'हॉस्पिटल पासपोर्ट' म्हणतात आणि छापील नमुने मिळतात, पण छापील नमुन्यात मराठीची ओळ नसते. ती आपणच घालायची.

आता ती जिथे आहे तिथली तिची की-वर्कर झिंबाब्वेहून आलेली आहे, आमच्यासारखीच घरदार सोडून. २०२२ साली अशा कामासाठी परदेशातून माणसं आणायची मुभा मिळाली होती, २०२५ मध्ये ती बंद झाली. त्यामुळे आहेत ती माणसं टिकवणं हाच आता प्रत्येक घरापुढचा प्रश्न आहे. पगार बेताचा आणि काम कंबर मोडणारं. या बाई सहा वर्षं टिकल्या आहेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती वही पाठ केली. "बाऊ? कुठे बाऊ?" असं त्या विचारतात, आणि आमची लेक बोटाने दाखवते. सी.क्यू.सी.च्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा आम्हाला त्या दोन शब्दांनी जास्त धीर दिला आहे.

परत न्यावं का?

हा विचार आमच्याही मनात येऊन गेला. पुण्या-मुंबईत या क्षेत्रात जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. १९४४ साली सुरू झालेली मुंबईची जय वकील शाळा किंवा १९६४ पासूनची पुण्याची कामायनी यांचं काम मोठं आहे. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, दोन्ही कागदावर चांगले आहेत. भाषा आपली, जेवण आपलं. 'बाऊ' सगळ्यांना कळेल.

पण पनवेलजवळच्या कळंबोलीचं प्रकरणही आपल्याच मुलखातलं आहे. तिथल्या एका खासगी बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार २०११ साली उघडकीस आले, आणि २०१३ मध्ये चालकासह अनेकांना न्यायालयाने दोषी ठरवलं. भाषा कळत असूनही तिथे कोणी ऐकायला येत नव्हतं. आणि आम्ही स्वत:ला विचारलं, तिथे ठेवून आपण इथे राहिलो तर जाणार कोण? वर्षातून एकदा डिसेंबरात, पेढ्याचा पुडा घेऊन? भाऊ-वहिनी आहेत, पण त्यांचंही वय झालं आहे. तो विचार तिथेच थांबला.

कागदपत्रांचं थोडं

मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांचा निर्णयाचा हक्क आपोआप संपतो, हे बहुतेकांना त्या वाढदिवसानंतरच कळतं. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ चा 'मेंटल कपॅसिटी ॲक्ट' लागू होतो. मूल स्वत: निर्णय घेऊ शकत नसेल तर निर्णय त्याच्या हिताचा असावा लागतो आणि आपलं मत विचारात घ्यावं लागतं, पण शेवटचा शब्द आपलाच असेल असं नाही. पैशांचे व्यवहार किंवा काही वेळा इतर निर्णयांसाठी 'कोर्ट ऑफ प्रोटेक्शन'कडून 'डेप्युटी' नेमून घेता येतो. २०१४ च्या 'केअर ॲक्ट'खाली मुलाच्या गरजांची पाहणी मागण्याचा हक्क आहे, आणि सांभाळणारे म्हणून आपल्या स्वत:च्याही. बाजू मांडणारं जवळचं कोणी नसेल तर काउन्सिलने स्वतंत्र 'ॲडव्होकेट' द्यायला हवा. घराकडे केलेली तक्रार मिटली नाही तर लोकपालाकडे, म्हणजे ऑम्बुड्समनकडे जाता येतं.

मृत्युपत्राबद्दल एकच सांगतो. 'ठाण्याचा फ्लॅट मुलीच्या नावावर' असं मायेने लिहून ठेवू नका. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता नावावर असली की काउन्सिलची मदत साधारणपणे थांबते, आणि फ्लॅट विकून दोन-तीन वर्षांत पैसे संपतात. त्यासाठी 'डिस्क्रीशनरी ट्रस्ट' असतो. जाणकार सॉलिसिटरला भेटा, ओळखीच्या अकाउंटंटवर भागवू नका.

आता मंडळाकडे एक मागणं

इतकं सगळं करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो कायद्याने सुटणारा नाही. आम्ही दोघे सत्तरी ओलांडत आहोत. तिचा धाकटा भाऊ चांगला आहे, पण तो मँचेस्टरला असतो, त्याला दोन लहान मुलं आहेत. दर रविवारी त्याला जमणार नाही आणि आम्ही तशी अपेक्षाही करत नाही. मग आमच्यानंतर रविवारी ते दार कोण वाजवणार?

आपलं मंडळ दरवर्षी नाटक आणतं, दिवाळीत फराळाचे चारशे डबे भरतं, क्रिकेटच्या मॅचेस भरवतं. आपल्यापैकी निदान सहा-सात कुटुंबांची मुलं आज अशा घरांत आहेत किंवा पुढच्या दहा वर्षांत जातील. महिन्यातून एका रविवारी दोघा-दोघांनी एकेका घरी जायचं, एवढंच आम्ही सुचवतो. पैसे नकोत, भाषणं नकोत. जाऊन तासभर बसायचं, मराठीत बोलायचं, कपाटावर नजर टाकायची, कर्मचाऱ्यांना नावाने हाक मारायची. तिथल्या घरच्यांची संमती आणि घराचे नियम सांभाळून हे सहज करता येतं. ज्या माणसाला भेटायला नेहमी कोणी ना कोणी येतं, त्याच्याशी वागताना सगळेच जरा जपून वागतात. सख्ख्या घरातही हे खरं आहे, होममध्ये तर आहेच.

त्या रांगेतल्या आईला आमचं उत्तर आता हे आहे: बरं असतं, पण आपण जात राहिलो तर. मुलाला आज घरीच ठेवा, हौसेने वाढवा. शब्दांची वही मात्र आजपासून लिहा आणि त्याला मंडळात घेऊन येत जा. झांजा जरा लांब वाजवू आम्ही. चार काका-काकूंना त्याची ओळख आत्ता झाली, तर पुढे वीस वर्षांनी त्यांच्यातलं कोणीतरी त्याच्या दाराशी उभं असेल.

ज्यांना आमच्याबरोबर यायचं असेल त्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावं. पहिली भेट पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजता. चहा तिथेच मिळतो. आलं घालायचं त्या झिंबाब्वेच्या बाईंना शिकवून ठेवलं आहे.